धिंगरी अळिंबीच्या उबवणी पेटीसाठी घरगुती हीटर कसा करावा?

तंतूजाल

नमस्कार. धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) बियाणे मिसळलेल्या भुशा-पेंढ्याच्या पिशव्या उबवण्यासाठी मी एक छोटी पेटी तयार केली आहे. बाहेरून प्लाय आणि आतून ५ सेंमी जाडीचे थर्मोकोल अशी तिची रचना असून बाहेरचे माप साधारण ६० × ६० × ९० सेंमी आहे. दोन फळ्यांवर मिळून प्रत्येकी २ किलोच्या आठ पिशव्या तीत बसतात. थंडीत खोलीचे तापमान रात्री १० अंश सेल्सियसपर्यंत उतरते, आणि तेव्हा कवकजालाची (अळिंबीच्या पांढऱ्या तंतूंच्या जाळ्याची) वाढ इतकी मंदावते की पिशवी पूर्ण पांढरी होण्याआधीच एखाद्या कोपऱ्यात हिरवी बुरशी डोके वर काढते. पेटीतील तापमान सलग २४ अंशांच्या आसपास राहावे, एवढीच अपेक्षा आहे. पंख्याचा १००० वॅटचा रूम हीटर थर्मोस्टॅटला (ठरावीक तापमानाला वीज चालू-बंद करणाऱ्या साधनाला) जोडून आत ठेवावा, २०० वॅटचा बल्ब लावावा, की आणखी काही करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. सोल्डरिंग आणि साधी जोडणी मला जमते. घरगुती वीजपुरवठ्याच्या तारांना हात लावणे मात्र शक्यतो टाळायचे आहे.

ओहमपंडित

हीटर निवडण्याआधी पेटीतून किती उष्णता बाहेर जाते याचा हिशेब करावा, म्हणजे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. आपल्या पेटीचे बाहेरचे क्षेत्रफळ सुमारे २.९ चौरस मीटर होते. ५ सेंमी थर्मोकोलमधून दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे साधारण ०.६ वॅट उष्णता निसटते, म्हणजे संपूर्ण पेटीसाठी दर अंशाला सुमारे १.८ वॅट. बाहेर १० आणि आत २५ अंश धरले, तरी ही गळती २७ वॅटच्या पुढे जात नाही. दाराच्या फटी आणि हवेसाठी ठेवलेली छिद्रे लक्षात घेऊन ४० वॅट धरले, तर ५० वॅटचा हीटर पुरून उरतो. थर्मोकोल २.५ सेंमीचेच असते, तर नुसत्या भिंतींतूनच जवळपास ५० वॅट गेले असते; जाडीसाठी केलेला खर्च कुठे जातो तो इथे दिसतो.

आता १००० वॅटच्या हीटरचा विचार करू. पेटीत मावणारी हवा वजनाने जेमतेम पाव किलो भरते. एवढ्या हवेला १००० वॅट दिले, तर निव्वळ गणिताने तिचे तापमान दर सेकंदाला ४ अंशांनी चढते. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारे टोक) जागा होऊन रिले (त्यातील विजेवर चालणारा स्विच) सुटेपर्यंत वरच्या फळीवरील पिशव्यांच्या बाहेरच्या थराला चटका बसलेला असतो, आणि गाभा मात्र थंडच राहतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की रिलेचे संपर्क चिकटले, तर हा हीटर पेटीच पेटवील. थर्मोकोल ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि ते ज्वलनशीलही आहे. ५० वॅटचा हीटर अडकून सतत चालू राहिला, तरी पेटीचे तापमान खोलीपेक्षा सुमारे २८ अंशांनी चढून थांबते. खोली १० अंशांवर असेल तर आत ३८ होईल. पिशव्यांना ते मानवणार नाही, पण आग लागणार नाही. माझ्या मते छोटा हीटर घेण्याचे सर्वांत मोठे कारण विजेची बचत नसून हेच आहे.

सावकाश

वरील हिशेबाशी सहमत आहे. बल्बबद्दल थोडे लिहितो. बंद पेटीत बल्बचा प्रकाशही शेवटी भिंतींत शोषला जाऊन उष्णताच होतो, त्यामुळे ४० वॅटचा फिलामेंटचा बल्ब म्हणजे ४० वॅटचा हीटर, हे गणित बरोबर आहे. अडचण आहे ती थेट पडणाऱ्या उष्णतेची: बल्बच्या समोरची पिशवी तापते आणि तिच्या आडोशाची तशीच राहते. शिवाय सतत चालू-बंद होऊन आणि दमट हवेत राहून फिलामेंट लवकर तुटतो, आणि तो तुटल्याचे बहुधा सकाळीच कळते. बल्ब लावायचाच असेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा ठेवावा आणि होल्डर चिनी मातीचा घ्यावा.

माझी स्वतःची पसंती पाण्याला आहे. झाकणाच्या बादलीत १० लिटर पाणी भरून त्यात माशांच्या टाकीचा १०० वॅटचा काचेचा हीटर पूर्ण बुडवून ठेवायचा आणि बादली पेटीच्या तळाशी ठेवायची. इथे एक बारकावा आहे. हीटरवरची चकती पाण्याचे तापमान ठरवते, पेटीचे नाही. बादलीच्या पृष्ठभागातून ३० वॅट बाहेर पडायला पाणी हवेपेक्षा सुमारे १० अंश गरम असावे लागते, म्हणून चकती २४ वर लावून बसलात तर पेटी कधीच २४ ला पोहोचणार नाही. चकती शेवटच्या टोकाला, बहुधा ३४ वर, ठेवावी आणि हवेतील प्रोब असलेल्या वेगळ्या थर्मोस्टॅटने हीटरचा पुरवठा चालू-बंद करावा. तयार प्लग-सॉकेट असलेला थर्मोस्टॅट मिळतो, त्यामुळे एकही तार सोलावी लागत नाही. वीज गेली तरी पाण्यातील उष्णता काही तास पेटीला सांभाळते, हा फायदा दुसऱ्या कोणत्याही पद्धतीत नाही. मात्र पाण्याची पातळी उतरून काच उघडी पडली तर ती तडकते, म्हणून हीटर आडवा, तळापासून थोडा वर बसवावा आणि झाकण घट्ट असावे.

पत्रेवाला

पाण्याची पद्धत चांगली आहे, पण काच, पाणी आणि घरगुती वीज एकाच बादलीत ठेवायला माझे मन घेत नाही. प्रश्नकर्त्यांनी तारांना हात लावायचा नाही असे म्हटले आहे आणि सोल्डरिंग येते असेही म्हटले आहे, त्यामुळे १२ व्होल्टचा मार्ग त्यांना अधिक सोयीचा वाटेल.

ॲल्युमिनियमच्या कवचातील, ५० वॅट क्षमतेचे, १२ ओहमचे चार रेझिस्टर घ्यावेत. ते समांतर जोडले की एकूण रोध ३ ओहम होतो. १२ व्होल्टवर ४ अँपियर प्रवाह वाहतो आणि ४८ वॅट उष्णता मिळते. प्रत्येकाच्या वाट्याला १२ वॅटच येतात, म्हणजे क्षमतेच्या पावपट, त्यामुळे ते वर्षानुवर्षे टिकतात. २० × २५ सेंमीचा, ३ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा घेऊन त्यावर भोके पाडावीत, काठाची खरखर कानसीने काढावी, रेझिस्टरच्या तळाला थर्मल पेस्टचा पातळ थर लावावा आणि स्क्रूने आवळावेत. पेस्ट जाड थापण्याचा मोह आवरावा; दाबल्यावर कडेने किंचित बाहेर आली म्हणजे पुरे. सोल्डर केलेल्या टोकांवर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी, कारण पेटीत पाण्याचे थेंब साचणार हे गृहीत धरायला हवे. पत्रा थर्मोकोलवर न टेकवता लाकडी ठोकळ्यांवर, भिंतीपासून ५ सेंमी अंतरावर उभा करावा. वीज बाहेर ठेवलेल्या, १२ व्होल्ट ६ अँपियरच्या बंद अडॅप्टरमधून घ्यावी, म्हणजे आत येणारी तार हाताला लागली तरी झटका बसणार नाही.

पत्र्यासमोर संगणकाच्या कॅबिनेटमधील १२ व्होल्टचा ८० मिमीचा पंखा बसवावा. तो हीटरबरोबर चालू-बंद न करता सतत चालू ठेवावा. हवा हलती नसेल तर गरम हवा छताशी साठते आणि वरच्या व खालच्या फळीत चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. पंखा चालू असताना पत्रा ४५ अंशांच्या आसपास राहतो, पण तो बंद पडला तर ७० पर्यंत जाऊ शकतो. यासाठी केएसडी ३०१ प्रकारचा, ६० अंशांना तुटणारा आणि एरवी जोडलेला द्विधातू कटआउट पत्र्यावर स्क्रूने बसवून रेझिस्टरच्या पुरवठ्याशी एकसर (सगळा प्रवाह त्यातूनच जाईल असा) जोडावा. अडॅप्टरजवळ ६ अँपियरचा फ्यूजही असू द्यावा. हा कटआउट आणि फ्यूज यांना पर्याय नाही.

नियंत्रणासाठी डब्ल्यू १२०९ ही थर्मोस्टॅटची छोटी सर्किट पट्टी पुरते. ती बसवताना नवखे लोक एका जागी हमखास अडकतात: पट्टीवरील रिले हा नुसता स्विच असतो, त्यातून १२ व्होल्ट आपोआप बाहेर पडत नाहीत. त्यामुळे अडॅप्टरची धन तार रिलेच्या दोन टोकांतून फिरवून हीटरकडे न्यावी लागते. हीटर चालू आणि बंद होण्याच्या तापमानांतील फरक कारखान्यातून २ अंशांवर लावलेला येतो. तो १ किंवा ०.५ वर आणावा. उघडी तांब्याची पट्टी दमट हवेत गंजते, म्हणून पट्टी पेटीबाहेर ठेवून फक्त प्रोबची तार आत न्यावी आणि तार आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे साचलेले थेंब तारेवरून पट्टीपर्यंत न ओघळता झोळाच्या तळाशी गळून पडतील.

तंतूजाल

सर्वांचे मनापासून आभार. १२ व्होल्टचा मार्ग पटला. दोन शंका उरतात. प्रोब नेमका कुठे ठेवावा? आणि पंखा सतत चालू राहिला तर पिशव्या सुकणार नाहीत का?

अळिंबीमित्र

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. उबवणीच्या काळात पिशवी बंद असते, तिचा ओलावा आतच राहतो, आणि भोकांना कापूस किंवा सूक्ष्म छिद्रांची पट्टी लावलेली असेल तर पंख्याचा मंद वारा काहीही बिघडवत नाही. फक्त पंख्याचे तोंड थेट पिशव्यांवर नसावे. प्रकाशाची या टप्प्यात गरज नसते, कार्बन डायऑक्साइड वाढल्यानेही कवकजालाला फारसा त्रास होत नाही, म्हणून खाली-वर एकेक सेंमीची दोन छिद्रे करून त्यांत कृत्रिम लोकर सैल भरली तरी पुरे.

प्रोबचा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. वाढणारे कवकजाल स्वतः उष्णता निर्माण करते आणि भरात असताना पिशवीचा गाभा भोवतालच्या हवेपेक्षा २ ते ५ अंशांनी गरम असतो. म्हणून हवा २४ अंशांवर ठेवण्याचे आपले उद्दिष्ट थोडे खाली आणावे, असे मला वाटते. हवा २१ ते २२ ठेवली तर गाभा आपोआप २४ ते २६ च्या टप्प्यात येतो. उलट हवा २७ केली, तर गाभा ३० ओलांडतो. तिथे धिंगरीची वाढ मंदावू लागते आणि ४० च्या जवळ ती तग धरत नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब मधल्या उंचीवर, दोन पिशव्यांच्या मधल्या हवेत लोंबता ठेवावा. भिंतीला किंवा हीटरच्या झोतात नको. त्याशिवाय एक साधा वेगळा थर्मामीटर, सर्वांत आतल्या पिशवीला बाहेरून टेकवून, वर कापडाची घडी बांधून ठेवावा. पिशवीत काहीही खुपसू नये, नाहीतर मोजमापाच्या निमित्ताने संसर्गाला वाट मिळते. पिशव्यांमध्ये तीन-चार बोटांची जागा सोडावी.

दोन्ही तापमापक आधी बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून तपासून घ्यावेत; तिथे शून्य न दाखवणाऱ्याचा फरक चिठ्ठीवर लिहून पेटीला चिकटवावा.

ओहमपंडित

पिशव्या ठेवण्याआधी तितक्याच वजनाच्या पाण्याच्या बाटल्या आत ठेवून एक पूर्ण दिवस-रात्र पेटी चालवून पाहावी. हीटर अखंड चालू राहिला तर फटी शोधाव्यात. अगदी थंड रात्रीही तो निम्म्याहून थोडा जास्त वेळच चालला, तर गणित जुळले असे समजावे. पहिल्या तापण्याला वेळ लागेल, त्याने गोंधळू नये: १६ किलो ओला भुसा किंवा पेंढा १० वरून २२ अंशांवर आणायला ४८ वॅटला पाच-सहा तास तरी हवेतच. त्याच चाचणीत पंख्याची तार मुद्दाम काढून कटआउट खरोखर तुटतो की नाही, हे समोर उभे राहून पाहावे.

अळिंबीमित्र

एक राहिले. भराच्या दिवसांत आठही पिशव्या एकाच वेळी तापू लागल्या की हीटर बंद असूनही पेटी २२ च्या वर सरकेल, आणि थर्मोस्टॅट त्यात काही करू शकणार नाही. त्या दिवसांत दार दोन बोटे उघडे ठेवावे किंवा वरच्या छिद्रातील लोकर काढावी. पिशव्या वेगवेगळ्या आठवड्यांत भरत असाल, तर नव्या पिशव्या हीटरच्या बाजूला आणि तापलेल्या पिशव्या दाराकडे ठेवाव्यात.