श्रद्धाळू शास्त्रज्ञांचा दाखला पुरेसा नाही

अनेक थोर शास्त्रज्ञ श्रद्धाळू होते, म्हणून श्रद्धा आणि विज्ञान यांत विरोध नाही, हा नेहमी केला जाणारा युक्तिवाद अपुरा वाटतो. एकाच मनात दोन्ही नांदू शकतात, एवढेच त्यातून दिसते. जॉर्ज लमेत्र यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. कॅथलिक धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ असलेल्या लमेत्र यांनी १९२७ मध्ये विश्वाच्या प्रसरणाचा आणि १९३१ मध्ये त्याच्या आरंभाचा सिद्धान्त मांडला. परंतु १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी अशा आरंभात ईश्वरी निर्मितीची पुष्टी पाहिली, तेव्हा (हे विशेष) ते लमेत्र यांनाच रुचले नाही, कारण आपला सिद्धान्त धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. मात्र पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे असे श्रद्धा सांगू लागली, की धर्म आणि विज्ञान यांतली ही सीमा श्रद्धाच ओलांडते, आणि तेथे किरणोत्सारी कालमापनातून (खडकांतील किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या ऱ्हासावरून वय काढण्याच्या पद्धतीतून) मिळणारे सुमारे ४.५ अब्ज वर्षांचे वयच स्वीकारावे लागते.