मदत हवी आहे: लॅबचा रिपोर्ट योग्य पेशंटच्याच केसपेपरवर आपोआप कसा आणावा?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये संगणकाचं सगळं काम मी बघतो. केसपेपर-बिलिंगचं सॉफ्टवेअर एका कंपनीचं, लॅबचं दुसरीचं. रिपोर्ट छापून वॉर्डात येतो आणि सिस्टर एकेक आकडा पुन्हा टाइप करतात. मागच्या महिन्यात क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.२ चं १२ झालं. पेशंटकडे बघून डॉक्टरांना शंका आली, त्यांनी पुन्हा तपासणी करायला लावली म्हणून निभावलं. तेव्हापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही.

लॅबचं सॉफ्टवेअर एचएल७ व्हर्जन २ चे मेसेज पाठवतं (हॉस्पिटलमधल्या सॉफ्टवेअरांनी एकमेकांना माहिती पाठवायची ही ठरलेली पद्धत). मिर्थ कनेक्ट (असे मेसेज घेऊन पुढे पाठवणारं सॉफ्टवेअर) बसवून ते पकडले. मेसेजच्या पीआयडी भागात पेशंट, ओबीएक्स भागात तपासणी, आकडा, एकक, सगळं व्यवस्थित येतंय. लॅबचे कोड लॉइंकला, म्हणजे तपासण्यांच्या जागतिक कोडांना, जोडतोय (हिमोग्लोबिन ७१८-७, सीरम क्रिएटिनिन २१६०-०). देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येत होती, ती दोन्हीकडे अक्षरांची पद्धत यूटीएफ-८ केल्यावर गेली.

गाडी अडलीय ती पेशंट जुळवण्यापाशी. लॅबचा नंबर वेगळा, आमचा यूएचआयडी (हॉस्पिटलने दिलेला पेशंटचा नंबर) वेगळा. नाव, वय, मोबाइल यांवरून जुळवून पाहिलं. पण वय अंदाजे सांगतात, आणि अख्ख्या घराचा मोबाइल एकच. चाचणीत एका बाईचा रिपोर्ट तिच्या जावेच्या केसपेपरवर गेला! एक सुनीता, दुसरी सुनंदा. आडनाव तेच, मोबाइल तोच, आणि लॅबने नुसतं 'एस.' लिहिलेलं. तिथेच मी आपोआप जुळवणी बंद केली.

आभाचा (सरकारी डिजिटल आरोग्य ओळखीचा) १४ अंकी नंबर सगळ्यांकडे नाही. तो ऐच्छिक आहे, आणि रात्री अपघाताचा पेशंट आला की कोण विचारत बसणार?

मला वाटतं, ऑर्डर आमच्याकडूनच जावी, ट्यूबवर यूएचआयडीचा बारकोड लागावा आणि लॅबने आमचा ऑर्डर नंबर मेसेजमधल्या त्याच्या ठरलेल्या जागी, ओबीआर-२ मध्ये, जसाच्या तसा परत पाठवावा. लॅबवाली कंपनी म्हणते, ऑर्डर घ्यायची सोय वेगळी विकत घ्या. कुणी असं करून घेतलंय का? करारात काय लिहून घेतलंत? आणि न जुळलेले रिपोर्ट तुमच्याकडे कोण तपासतं, लॅबचा माणूस की वॉर्डातला?

शिवाय, आयुष्मान भारत डिजिटल मिशनला (आभा ज्यात येतं ती सरकारी योजना) एफएचआयआर आर४, म्हणजे एचएल७चीच नवी पद्धत, लागतं. व्हर्जन २ वरून ते रूपांतर आत्ताच करावं, की आधी हा घोळ निस्तरावा?

पेशंटची नावं काढून नमुन्याचे मेसेज तयार ठेवलेत. कुणी बघणार असेल तर इथेच टाकतो.