गुरगुरणे थांबले आणि चावणे सुरू झाले: कुत्र्याच्या वागण्याबद्दल मार्गदर्शन हवे आहे

अबोली

आमच्याकडे साधारण तीन वर्षांचा, संकरित जातीचा नर कुत्रा आहे. तो मोठा झाल्यावर आमच्या घरी आला, त्यामुळे त्याचे पिल्लूपण कुठे आणि कसे गेले याची आम्हाला कल्पना नाही. घरातल्या सगळ्यांचा त्याला अतिशय लळा आहे आणि एरवी तो शांत असतो. मात्र दोन प्रसंगी त्याचे रूप पालटते. खाण्याच्या भांड्याजवळ कोणी गेले की तो अंग ताठ करून भराभर खाऊ लागतो आणि आणखी जवळ गेल्यास गुरगुरतो. फिरायला नेल्यावर समोरून दुसरा कुत्रा आला की पट्टा ताणून, मागच्या पायांवर उभा राहून भुंकत सुटतो आणि मग त्याला आवरणे कठीण जाते.

आम्ही एका प्रशिक्षकांची मदत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, हा कुत्रा स्वतःला घरातला म्होरक्या समजतो आणि त्याला त्याची जागा दाखवून दिली पाहिजे. गुरगुरला की मानेला धरून आडवा करायचा, भुंकला की पट्ट्याला झटका द्यायचा आणि जेवताना अधूनमधून भांडे उचलून घ्यायचे, असे त्यांनी शिकवले. काही आठवड्यांत गुरगुरणे जवळजवळ बंद झाले. त्यानंतर एके दिवशी माझे यजमान भांड्याशेजारून नुसते जात असताना, कसलाही आवाज न करता तो वळला आणि त्यांच्या पोटरीला चावला. जखम खोल नव्हती आणि उपचार लगेच घेतले, पण घरात सात वर्षांची मुलगी असल्याने आम्ही सगळेच धास्तावलो आहोत. हा खरोखर वर्चस्वाचा प्रकार आहे का, आणि इथून पुढे आम्ही नेमके काय करावे?

रानवाट

तुमच्या वर्णनात सर्वांत महत्त्वाचा आहे तो घटनांचा क्रम: गुरगुरणे आधी थांबले आणि चावा नंतर आला. गुरगुरणे हा इशारा असतो. ‘मला हे सोसत नाही, दूर हो’ हे सांगण्याचे जे मोजके मार्ग कुत्र्यापाशी आहेत, त्यांपैकी माणसाला सहज कळेल असा तोच. त्याच्याही आधी तो बारीकसारीक खुणा करत असतो: मान वळवणे, जिभेने नाक चाटणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे आणि भांड्यात तोंड तसेच ठेवून क्षणभर थिजणे. या खुणांची कोणी दखल घेत नाही म्हणून तो गुरगुरतो, आणि गुरगुरले की मान धरली जाते हे कळल्यावर गुरगुरणे सोडून देतो. जवळ येणाऱ्या माणसाची धास्ती मात्र कमी होत नाही. उलट ती वाढते, कारण आता माणूस आला की खाणेही जाते आणि वर शिक्षाही होते. तुमच्या कुत्र्याने आवाज न करता चावा घेतला, याचे कारण मला यातच दिसते.

म्होरक्याची कल्पना कुठून आली तेही सांगतो, कारण ती अजूनही सर्रास ऐकवली जाते. रुडॉल्फ शेंकेल या प्राणी-वर्तनाच्या अभ्यासकांनी 1947 साली बंदिवासातल्या लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते लांडगे एका कुटुंबातले नव्हते, त्यांना एकत्र कोंडलेले होते आणि त्यांच्यात सतत चढाओढ चाले. पुढे डेव्हिड मीच या लांडगा-अभ्यासकांनी 1970 च्या सुमारास तीच मांडणी लोकप्रिय केली. पण कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समिअर बेटावर मुक्त लांडग्यांचे अनेक उन्हाळे निरीक्षण केल्यावर त्यांनी स्वतःच 1999 मध्ये लिहिले की, रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते आणि त्यात म्होरकेपदासाठी भांडण नसते. जी गोष्ट लांडग्यांनाही नीटशी लागू पडत नाही, ती भांडे राखणाऱ्या घरातल्या कुत्र्याला लावण्यात काही अर्थ नाही. खाणे राखणे ही कुत्र्यांमध्ये नैसर्गिक प्रवृत्ती आहे; एखाद्यात ती इतकी तीव्र का, याची मुळे उपासमारीत, अनुवंशात किंवा आजारात असू शकतात.

आजपासून मान धरणे, झटके देणे आणि भांडे उचलणे पूर्णपणे थांबवा. त्याला वेगळ्या खोलीत, दार लावून खाऊ घाला आणि खाणे संपवून तो बाहेर आल्यावरच भांडे उचला. एवढ्याने स्वभाव बदलणार नाही, पण घर सुरक्षित होईल आणि पुढच्या कामाला स्वस्थता मिळेल.

पुढचे काम म्हणजे माणूस जवळ येण्याचा अर्थ त्याच्या मनात बदलणे. तो खात असताना एक मोठा माणूस इतक्या दुरून जाईल की कुत्र्याचे अंग सैल राहील, शेपटीची ठेवण बदलणार नाही आणि खाण्याचा वेग वाढणार नाही. जाता जाता त्याने भांड्यातल्या खाण्यापेक्षा कितीतरी चविष्ट असा एखादा तुकडा भांड्याकडे टाकावा आणि न थांबता निघून जावे. काही दिवसांनी माणूस दिसताच कुत्रा तोंड वर करून, सैल अंगाने, अपेक्षेने पाहू लागतो. ती खूण दिसल्यावरच अंतर एखाद्या पावलाने कमी करायचे. अंग पुन्हा ताठ झाले तर आपण घाई केली असे समजून मागे सरायचे. त्याच्या तोंडातली वस्तू घ्यायची वेळ आली तर हिसकावू नये, अधिक चांगली वस्तू देऊन अदलाबदल करावी, आणि शक्य असेल तेव्हा पहिली वस्तूही त्याला परत द्यावी.

गोठण

मी पशुवैद्य आहे. वरचा सल्ला योग्य आहे, परंतु त्याच्याही आधी कुत्र्याची संपूर्ण तपासणी करून घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन. वर्तनाच्या तक्रारीमुळे तज्ज्ञांकडे पाठवलेल्या कुत्र्यामांजरांचा 2020 मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सावधपणे अंदाज केला तरी सुमारे एक तृतीयांश प्राण्यांना कुठले ना कुठले दुखणे होते, आणि काही तज्ज्ञांच्या नोंदींत हे प्रमाण याहून बरेच जास्त होते. खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा, दाढा, कान, त्वचेची खाज, पोटाचे जुने विकार हे सगळे तपासले पाहिजे. दुखणारा कुत्रा लंगडेलच असे नाही. पायऱ्यांपाशी घुटमळणे, बसताना एकाच कुशीवर कलणे, उठायला वेळ लावणे, एकच जागा सतत चाटणे, आवाजांना पूर्वीपेक्षा जास्त दचकणे, अशा खुणांवरूनच ते ओळखावे लागते. दवाखान्यात घाबरलेला कुत्रा दुखणे लपवतो, म्हणून घरी तो चालताना, उठताना आणि खाताना दूरून केलेले चित्रीकरण सोबत आणावे. खाण्याच्या चित्रीकरणासाठी मुद्दाम जवळ जाऊन त्याला गुरगुरायला लावू नये.

माणसांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या घरच्या घरी देऊ नका. आयबुप्रोफेनसारखे औषध कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला गंभीर इजा करते. भीती फारच खोल असेल तर फ्लुओक्सेटिनसारखी चिंता कमी करणारी औषधे पशुवैद्याच्या देखरेखीखाली दिली जातात. त्यांचा परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ती शिकवणीला जोड म्हणून असतात, शिकवणीऐवजी नाहीत.

कडेकपारी

मला यातले सगळे पटत नाही. चावणाऱ्या कुत्र्याला चविष्ट तुकडे देत बसणे म्हणजे वाईट वागण्याला बक्षीस दिल्यासारखे होते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुत्री आहेत आणि दराऱ्याशिवाय मोठा कुत्रा आवाक्यात राहत नाही, असा माझा अनुभव आहे. शिस्त नको, असे तुमचे म्हणणे आहे का?

रानवाट

शिस्त हवीच. जेवणाची ठरलेली वेळ, दारातून बाहेर पडण्यापूर्वी थांबणे, सोफ्यावर चढण्याची मुभा असणे किंवा नसणे, हे नियम घरातल्या सर्वांनी सारखे पाळले तर घाबरट कुत्र्याला त्यांचा आधारच वाटतो. माझा आक्षेप वेदना आणि धाक वापरण्याला आहे. 2020 मध्ये पोर्तुगालमधील 92 पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये, बक्षिसावर शिकवलेल्या कुत्र्यांपेक्षा, शिकवणीच्या वेळी ताणाच्या खुणा अधिक दिसल्या आणि त्यानंतर लाळेतले कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरकही अधिक वाढलेले आढळले.

बक्षिसाची शंका रास्त आहे, पण भीती ही कुत्र्याने ठरवून केलेली कृती नसते, त्यामुळे खाऊ मिळाला म्हणून तो अधिक घाबरत नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवलेला संबंध इथे लागू पडतो: एका गोष्टीपाठोपाठ दुसरी नेमाने आली की पहिलीबद्दलची भावना दुसरीप्रमाणे घडते. माणूस आल्यावर मेजवानी आली तर माणूस हवासा वाटतो आणि झटका आला तर नकोसा. शिवाय आपण मुद्दाम इतक्या अंतरावर काम करतो की तो गुरगुरायच्या अवस्थेला पोचतच नाही.

चांदणवेल

पट्ट्यावर भुंकण्याबद्दल मी लिहिते, कारण अशाच कुत्रीबरोबर मी बराच काळ काम केले आहे. तिथेही सगळा खेळ अंतराचा आहे. दुसरा कुत्रा दिसूनही तुमचा कुत्रा हाक मारल्यावर वळू शकतो आणि हातातला खाऊ हळुवारपणे घेतो, ते अंतर शोधा; सुरुवातीला ते एका मोठ्या मैदानाएवढेही असू शकते. तोंड घट्ट मिटले, कान पुढे आले, शरीराचा भार पुढच्या पायांवर गेला आणि खाऊ घेताना बोटांना दात लागू लागले की आपण फार जवळ आलो असे समजावे. खाऊ नाकारलाच तर ताबडतोब मागे फिरावे.

क्रम कटाक्षाने पाळावा लागतो. आधी दुसरा कुत्रा दिसला पाहिजे, मग खाऊ. आणि तो कुत्रा नजरेआड झाला की खाऊही बंद. पुष्कळ जण कुत्रा दिसण्यापूर्वीच खिशात हात घालतात, आणि मग खाऊची पिशवी वाजली की संकट येते असा उलटा धडा जनावर शिकते. माझी कुत्री पूर्वी समोरचा कुत्रा दिसताच खिळल्यासारखी उभी राहत असे. पुढे ती त्याच्याकडे एकदा पाहून लगेच मान वळवून माझ्या हाताकडे पाहू लागली. तोवर मी एक पाऊलही अंतर कमी केले नव्हते.

पट्टा लांब आणि सैल असू द्या, कारण पट्टा ताणला गेला की कुत्र्याचे अंगही ताणते आणि त्याला पळून जायची वाट राहत नाही. गळपट्ट्याऐवजी छातीवर कडी असलेला हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) वापरल्यास ओढ आवरणे सोपे जाते. गर्दीच्या वेळा टाळा. एखाद्या दिवशी मोठा भडका उडालाच तर पुढचे एकदोन दिवस लांब फेरी न काढता त्याला वास घेत हुंगण्याचे खेळ द्या, कारण उत्तेजित झालेले शरीर लगेच निवत नाही आणि त्या अवस्थेत तो क्षुल्लक गोष्टीलाही भडकतो.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. तपासणीची वेळ घेतली आहे आणि त्याचे खाणे कालपासून बंद खोलीत सुरू केले आहे. दोन शंका उरतात. मुलीची त्याच्याशी फार मैत्री आहे. खाऊ टाकण्याच्या सरावात तिला घ्यावे का? आणि तोंडाला मुसके घालणे क्रूरपणाचे होईल का?

गोठण

मुलीला या सरावात अजिबात घेऊ नये. लहान मुलांच्या हालचाली अचानक होतात, त्यांचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो आणि थिजण्यासारखी सूक्ष्म खूण त्यांना वेळेवर ओळखता येत नाही. कुत्रा खात असताना, झोपलेला असताना किंवा काही चघळत असताना तिने जवळ जायचे नाही, हा नियम तिला शिकवा. पण केवळ तिच्या लक्षात राहण्यावर विसंबू नका. दाराला वरची कडी लावा आणि दोघांना मोठ्या माणसाच्या नजरेशिवाय एकत्र सोडू नका. मैत्रीसाठी तिने मोठ्यांच्या देखत, खाण्याच्या वेळा सोडून, लांबून खाऊ जमिनीवर टाकून बसायला सांगण्यासारखे खेळ खेळावेत.

मुसके क्रूर नाही, मात्र ते जाळीदार, टोपलीच्या आकाराचे असावे, म्हणजे कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येते आणि फटीतून खाऊही घेता येतो. तोंड बांधून टाकणारा कापडी पट्टा फिरायला नेताना वापरू नये, कारण धापा टाकता आल्या नाहीत तर कुत्र्याचे शरीर तापते. पहिल्या दिवशीच चढवू नका. आतल्या बाजूला काहीतरी चाटण्याजोगे लावून ते नुसते समोर धरा आणि त्याने स्वतः नाक घालावे. काही दिवस असेच चालू द्या, मग क्षणभर पट्टी लावून लगेच काढा आणि हळूहळू वेळ वाढवा. दवाखान्यात पहिल्यांदा येताना तो मुसक्याला सरावलेला नसेल तर तसे आधी कळवा, म्हणजे तुमची वेळ शेवटची ठेवता येईल आणि इतर कुत्री निघून गेल्यावर त्याला आत घेता येईल.