मुलांना घेऊन सहलीला जाताना औषधांखेरीज कशाची तयारी करावी?

नभा

नमस्कार. पुढच्या महिन्यात आम्ही दोन कुटुंबे मिळून आठवडाभराच्या सहलीला निघत आहोत. बरोबर माझा पाच वर्षांचा मुलगा, दहा महिन्यांची मुलगी, भावाची सात वर्षांची मुलगी आणि माझे आई-वडील असतील. आधी सुमारे 2800 मीटर उंचीवरच्या एका गावी मुक्काम आणि नंतर समुद्रकिनारी, असा बेत आहे. मुलांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, पण त्यांना काय विचारायचे आणि औषधांच्या पिशवीत नेमके काय ठेवायचे, हे मला त्याआधी पक्के करायचे आहे. मुलाला गाडी लागते. मुलगी अजून बोलत नाही, त्यामुळे तिला काही होत असेल तर ते ओळखायचे कसे, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. जाणकारांनी कृपया सांगावे.

औषधपेटी

मी औषधविक्रीच्या व्यवसायात आहे, त्यामुळे आधी पिशवीबद्दल लिहितो. औषधे भरण्यापूर्वी तिन्ही मुलांची आजची वजने एका कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येक औषधाची मात्रा मिलिग्रॅम व मिलिलिटर अशा दोन्ही मापांत डॉक्टरांकडून लिहवून घ्या. पॅरासिटामॉलची मात्रा साधारणपणे दर किलो वजनामागे 15 मिलिग्रॅमपर्यंत असते, दोन मात्रांमध्ये किमान 4 ते 6 तासांचे अंतर ठेवावे लागते आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त मात्रा देत नाहीत. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. घोळ होतो तो बाटलीत. याच औषधाचे एक पातळ मिश्रण दर 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅमचे मिळते आणि दुसरे 250 मिलिग्रॅमचे. परक्या गावी रात्री घाईने घेतलेल्या बाटलीतून घरच्याच सवयीने ‘एक चमचा’ दिला, तर मुलाच्या पोटात दुप्पट औषध जाऊ शकते. म्हणून घरची ओळखीची बाटली आणि मापाची पिचकारी बरोबर न्या. ॲस्पिरिन मात्र मुलांना स्वतःहून कधीही देऊ नका. त्याने क्वचित, पण यकृत आणि मेंदूवर आघात करणारा गंभीर आजार होऊ शकतो.

जुलाबासाठी ओआरएसची पाकिटे न्या आणि ती किती पाण्यात कालवायची हे पाकिटावरच वाचा, कारण काही पाकिटे एक लिटरची असतात तर काही 200 मिलिलिटरची. पाणी कमी घातले तर क्षार जास्त होऊन अपाय होतो. मूल उलटी करत असेल तर दहा मिनिटे थांबून, पुन्हा चमच्याचमच्याने पाजत राहावे आणि कालवलेले पाणी 24 तासांनंतर टाकून द्यावे. मोठ्यांच्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत. दहा महिन्यांच्या मुलीचे अंगावरचे दूध सुरू असेल तर ते जुलाबातही चालूच ठेवावे. तिला सांगता येत नसले तरी शरीर सांगते: सहा-आठ तास लघवी न होणे, रडताना डोळ्यांत पाणी न येणे, टाळू खोल जाणे, हाक मारूनही सुस्त पडून राहणे. यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

गाडी लागण्यावर साधे उपाय पुष्कळदा पुरतात. निघण्यापूर्वी हलके खायला द्यावे, मोबाइल आणि पुस्तक बाजूला ठेवावे, समोरच्या काचेतून लांबवर पाहायला लावावे. प्रवासात मूल शांत झोपावे म्हणून गुंगी आणणारे औषध देण्याची जी पद्धत दिसते, तिला माझा स्पष्ट विरोध आहे. दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये अशा औषधांमुळे श्वास मंदावण्याचा धोका असतो. लशींची नोंदवहीही याच भेटीत दाखवा, कारण लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात.

काठावरून

मी मुलांना पोहायला शिकवते. वरच्या उत्तरातील एकही गोष्ट अनावश्यक नाही, तरीही तुमच्या सहलीत मला सर्वांत मोठा धोका दिसतो तो पाण्याचा आणि त्यातही बरोबर पुष्कळ मोठी माणसे असण्याचा. आईला वाटते आजोबा पाहत आहेत, आजोबांना वाटते मामा जवळच आहे, आणि मुलाकडे कोणाचेच लक्ष नसते.

बुडणारे मूल हात हलवून हाका मारील, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ते असे दिसते: तोंड पाण्याच्या पातळीशी वरखाली होत असते, डोके मागे कललेले असते, केस कपाळावर-डोळ्यांवर आलेले असतात आणि दोन्ही हात बाजूंनी पाणी खाली दाबत असतात. श्वास घेण्यातच सगळी शक्ती जात असल्याने ओरडता येत नाही, आणि मिनिटाभराच्या आत मूल खाली जाऊ शकते. लांबून पाहणाऱ्याला ते खेळत आहे असेच वाटते.

म्हणून पाण्याजवळ असताना एका वेळी एकाच मोठ्या माणसाचे नाव घेऊन जबाबदारी द्या. त्याच्या हातात मोबाइल नको, त्याच्याशी गप्पा नकोत, आणि पाच वर्षांचे मूल हात लांबवला की हाताला लागेल इतके जवळ हवे. पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलताना ‘आता तू पाहा’ असे तोंडाने म्हणा आणि समोरच्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय जागा सोडू नका. दंडाला लावायचे हवेचे फुगे हे खेळणे आहे. त्यांच्यावर भिस्त ठेवू नका, मापाचे लाइफ जॅकेट घ्या.

खोलीत शिरल्यावर सामान उघडण्याआधी गुडघ्यांवर बसून, म्हणजे मुलीच्या उंचीवरून, एक फेरी मारा. कठड्याजवळ ठेवलेली खुर्ची आत घ्या, पडद्यांच्या दोऱ्या वर बांधा, न्हाणीघरातली भरलेली बादली रिकामी करा. रांगणारे मूल थोड्याशा पाण्यातही बुडू शकते. गरम पाण्याचा नळ आधी स्वतः सोडून पाहा. आजी-आजोबांच्या रोजच्या गोळ्यांची पिशवी उंचावर, शक्य तर कुलपात ठेवा. सहलीत ती पलंगाशेजारीच उघडी राहते आणि रंगीत गोळ्या मुलांना खाऊसारख्या दिसतात.

नभा

दोघांचेही मनापासून आभार. पाण्याजवळ पाळी लावण्याचे आजच घरी सांगते. उंचीबद्दल मात्र अजून शंका आहे. 2800 मीटरवर दहा महिन्यांच्या बाळाला नेणे योग्य आहे का? आणि तिथे मोकळी कुत्री बरीच असतात असे ऐकले आहे.

पायवाट

कुत्र्यांबद्दल मी सांगतो. चावा किंवा नुसता ओरखडा जरी असला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी रुग्णालयात जायचे. सहल आटोपून घरी गेल्यावर पाहू, असे म्हणू नये. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो. रागावतील या भीतीने मुले ओरखडा लपवतात, म्हणून दोन्ही मोठ्या मुलांना आधीच सांगून ठेवा की असे काही झाले तर कोणीही रागावणार नाही, पण लगेच सांगायचे.

औषधपेटी

उंचीचा त्रास साधारण 2500 मीटरच्या पुढे सुरू होऊ शकतो, म्हणून एका दिवसात थेट वर न जाता मध्ये एका कमी उंचीच्या ठिकाणी मुक्काम करावा, असे मला वाटते. मुलीला जन्मापासून हृदयाचा किंवा फुप्फुसांचा काही त्रास असेल, किंवा ती नुकतीच छातीच्या आजारातून उठली असेल, तर डॉक्टरांनी स्पष्ट होकार दिल्याशिवाय नेऊ नये. घाट चढता-उतरताना तिला दूध पाजत राहिले तर कान कमी दुखतात. दर हजार मीटरला अतिनील किरणे सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात, तेव्हा हवा गार वाटली तरी टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि सनस्क्रीन हवेच.

वर पोहोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत ती विनाकारण किरकिर करू लागली, दूध नको म्हणू लागली, झोपेना, उलट्या करू लागली, तर दुसरे कारण सापडेपर्यंत तो उंचीचाच त्रास समजावा आणि आणखी वर जाऊ नये. त्रास वाढत गेला, श्वास जलद होऊ लागला किंवा ती सुस्त पडली, तर ताबडतोब खाली उतरावे. त्यासाठी रात्रीही मिळेल अशा वाहनाची चौकशी मुक्काम नक्की करतानाच करून ठेवा.