अनुभव धागा: स्टॉकहोममधला हिवाळी दिवस, दोघांचा

डिसेंबरात आम्ही दोघं स्टॉकहोमला जाऊन आलो. आल्यापासून भेटेल त्याला सांगतेय, उन्हाळ्याची वाट बघू नका. तिथे हिवाळ्यात जोडीने फिरलेल्यांनी, तिथे राहणाऱ्यांनी आपापला एक दिवस इथे लिहावा. स्थळांची यादी नको. पाय कुठे रेंगाळले, काय चुकलं, ते लिहा. सुरुवात मी करते.

डोंबिवली

लेक तिथे शिकते. तिची परीक्षा होती, म्हणून एक अख्खा दिवस आम्हा दोघांचाच होता. अख्खा म्हणजे किती, तर सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो आणि तीन वाजायच्या आत मावळतो. अहोंनी आदल्या रात्री कागदावर नऊ ठिकाणं लिहिली होती. मी सहा खोडली. उजेड असेल तोवर बाहेरचं बघायचं आणि अंधार पडला की आतलं, एवढंच ठरवून निघालो.

सकाळी गामला स्तान, म्हणजे जुनं गाव. मधल्या स्टोरटोर्गेट चौकात नाताळचा बाजार भरला होता. लाल रंगाच्या लाकडी टपऱ्या, आणि हवेत लवंग-दालचिनीचा वास. ग्लोग नावाची मसाल्याची गरम वाइन मिळते, बिनदारूचीही मिळते. पेल्यात बेदाणे आणि सोललेले बदाम घालून देतात. ती पीत उभे असताना लेकीने सांगितलेलं आठवलं. १५२० च्या नोव्हेंबरात डेन्मार्कच्या राजाने याच चौकात ऐंशीहून अधिक सरदार, बिशप आणि नागरिकांची मुंडकी उडवली होती. मी पेला हातात धरून बराच वेळ त्या फरसबंदीकडे बघत राहिले.

जवळच मॉर्टेन ट्रोट्सिग गल्ली आहे. सर्वांत अरुंद जागी जेमतेम ९० सेंटिमीटर, आणि ३६ पायऱ्या. दोघांना शेजारी शेजारी चालता येत नाही. अहो पुढे झाले आणि मागे न बघता हात तेवढा मागे केला. तीस वर्षांच्या संसारात रस्त्यात असा हात त्यांनी किती वेळा पुढे केला असेल, ते मला मोजून सांगता येईल.

अंधार पडल्यावर युरगॉर्डन बेटावर वासा संग्रहालयात गेलो. जहाजासाठी आतही उजेड मंदच ठेवलाय. दार ढकलून आत गेलं की समोर थेट ६९ मीटर लांबीचं ‘वासा’ हे लाकडी लढाऊ जहाज. १० ऑगस्ट १६२८ ला ते पहिल्याच प्रवासाला निघालं, जेमतेम १३०० मीटर गेलं आणि बंदरातच, लोकांच्या डोळ्यांदेखत बुडालं. अहो आयुष्यभर कारखान्यात डिझाइनचं काम करत आले, ते तिथून हलेनात. तोफांचे दोन मजले, एकूण ६४ तोफा, वरचा भाग जड आणि तळ अरुंद. आधी चाचणीही झाली होती. तीस माणसांना डेकवर या बाजूने त्या बाजूला पळवलं, जहाज इतकं डोललं की तीन फेऱ्यांतच थांबवलं. तरी निघालंच, कारण स्वीडनच्या राजाला घाई होती. वाऱ्याचा झोत आला, जहाज कललं आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरलं. पुढे चौकशी बसली, शिक्षा मात्र कुणालाच झाली नाही. "सगळ्यांना माहीत होतं गं, बोललं कुणी नाही," असं अहो दोनदा म्हणाले. त्यांच्या नोकरीतली एक जुनी गोष्ट मला माहीत आहे, म्हणून मी काही विचारलं नाही.

१९६१ मध्ये, ३३३ वर्षांनी, ते वर काढलं. बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारं असल्याने लाकूड पोखरणारा किडा तिथे जगत नाही, म्हणून ते टिकलं. लाकूड वाळून तडकू नये यासाठी त्यावर सतरा वर्षं रसायन फवारत होते. आम्ही आत दोन तास होतो, तरी वरचा मजला राहिलाच.

नाशिक, सध्या स्टॉकहोम

काकू, जहाजाबद्दल अगदी मनातलं लिहिलंत. आम्ही इथे तीन वर्षं आहोत. डिसेंबरात येणाऱ्यांनी १३ तारीख चुकवू नका, त्या दिवशी लुसिया हा दिव्यांचा सण असतो. पहिल्या वर्षी ऑफिसात सकाळी दिवे मालवले. पांढरे झगे घातलेल्या मुलामुलींची रांग गात आत आली. सगळ्यात पुढच्या मुलीच्या डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट होता. बाहेर मिट्ट काळोख. मला एकदम आईने लावलेल्या पणत्या आठवल्या आणि रडू आलं. नवऱ्याला फोन करून म्हटलं, जिथे असशील तिथून ये. संध्याकाळी आम्ही गावातल्या मोठ्या चर्चमध्ये तेच गाणं पुन्हा ऐकलं, मग लुसेकात खाल्ले. केशर घातलेले पिवळेधमक पाव, इंग्रजी एससारखे वळलेले, दोन्ही टोकांना एकेक बेदाणा. नवरा म्हणाला, डोळे मिटले तर केशरी शिरा.

एक कामाचं: कार्ड जवळ ठेवाच. बऱ्याच दुकानांत रोख घेतच नाहीत.

सांगली

माझा अनुभव बुटांचा आहे, पण तो लिहिणं गरजेचं वाटतं. आमची ही तिथल्या उतारावर घसरली. पडली नाही, खांबाला धरलं, पण घाबरली. आदल्या दिवशी बर्फ वितळून रात्री पुन्हा गोठला होता, वरून फक्त ओला रस्ता दिसतो. एका दुकानातल्या बाईंनी आमच्या पायांकडे बघून स्वतःच ब्रोदार आणून दाखवले. रबराच्या पट्ट्यांना खाली छोटे खिळे असतात, ते बुटांवर चढवायचे. दुकानात किंवा संग्रहालयात शिरताना मात्र काढायचे. फुटपाथवर बारीक खडी टाकलेली असते, तिच्यावरूनच चाला. गुडघे दुखत असतील तर सॉडरमाल्म बेटाच्या कड्यावरच्या पायवाटा हिवाळ्यात सोडून द्या. आम्ही स्लुसेनच्या पुलावरूनच पाणी आणि जुन्या गावाचे दिवे पाहिले. हिला तेवढं पुरलं, आणि तिला पुरलं म्हणजे मला पुरलंच.

सातारा

मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. माझ्यासाठी स्टॉकहोम म्हणजे १० डिसेंबर. २०१९ ला अभिजीत बॅनर्जी धोतरात आणि एस्तेर डुफ्लो साडीत, नवरा-बायको एकाच मंचावर नोबेल घ्यायला उभे होते. मी वर्गात मुलांना ती चित्रफीत दाखवली होती. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, मधलं नाव विनायक, आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर. हे सांगितलं की मुलं सरसावून बसतात.

म्हणून जानेवारीत गेलो तेव्हा पहिल्यांदा हटोर्गेट चौकातल्या त्या निळ्या कॉन्सर्ट हॉलसमोर गेलो. पारितोषिकं तिथे देतात. आतून दोन थर्मल, वरून इरकल, अशी मी पायऱ्यांवर उभी राहिले आणि ह्यांनी बोटं बधिर होईपर्यंत फोटो काढले. समोर फळांचा बाजार होता. तिथल्या एका आजींनी पदराला हात लावून बघितला आणि हसल्या.

दुपारी सिटी हॉल पाहिला. आत मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं. नोबेलची मेजवानी जिथे होते तो ब्लू हॉल निळा नाहीच! भिंतींना निळा रंग द्यायचं ठरलं होतं, पण उघड्या लाल विटा बघून वास्तुकार राग्नार ओस्टबेरी यांनी बेत बदलला, नाव तेच राहिलं. वरच्या गोल्डन हॉलमध्ये काच आणि सोन्याचे १ कोटी ८० लाखांहून अधिक तुकडे जडवलेत. मला मात्र खालचा विटांचा हॉल जास्त आवडला. जिन्यावरून उतरताना ह्यांनी मला पुढे व्हायला सांगितलं, स्वतः मागून आले.

औरंगाबाद

दिवसभर ना धड पाऊस ना धड बर्फ. बायको म्हणाली, मग जमिनीखालीच फिरू. २४ तासांचा पास काढला आणि मेट्रोची स्थानकं बघत सुटलो. शंभरपैकी नव्वदहून जास्त स्थानकांवर कलाकृती आहेत. टी-सेंट्रालेनला पांढऱ्या खडकावर निळ्या वेली, आणि छतावर ज्यांनी ते स्थानक बांधलं त्या कामगारांच्या आकृत्या. बायकोचे वडील धरणाच्या बोगद्यावर मुकादम होते. ती मान वर करून इतका वेळ उभी राहिली की दोन गाड्या निघून गेल्या. सोल्ना सेंट्रुमचं लालभडक आकाशही भव्य आहे, पण तिच्या बोलण्यात अजून ते कामगारच येतात.

पणजी

आमचं मत थोडं वेगळं. शक्य असेल तर फेब्रुवारी निवडा. दिवस नऊ तासांच्या पुढे जातो, बर्फ असला तर ऊन त्यावर झळकतं. शिवाय सेमला मिळतो: वेलचीचा पाव, आत बदामाचं सारण, वर क्रीम. तीन दिवसांत सात खाल्ले.

ठाणे

आमची ट्रिप जुनी, २०१४ ची. हिला आता लांबचा प्रवास झेपत नाही, म्हणून हे सगळे अनुभव मी तिला मोठ्याने वाचून दाखवले. सांगलीच्या वहिनी घसरल्या तिथे ती "अगं बाई" म्हणाली. तिने एकच लिहायला सांगितलंय: युरगॉर्डनहून परत येताना बस-ट्रॅम नको, स्लुसेनची फेरीबोट घ्या. ती हिवाळ्यातही चालते, अगदी थोड्या मिनिटांचा प्रवास. आम्ही चारला बसलो, पूर्ण रात्र झालेली. आत गरम होतं, तरी ही बाहेर कठड्यापाशी गेली. मीही गेलो. पाण्यात दोन्ही काठांचे दिवे होते आणि घराघराच्या खिडकीत कागदी चांदण्या. दुसऱ्या काठाला लागल्यावर ही म्हणाली, अजून एकदा. आम्ही त्याच बोटीने परत गेलो, आणि पुन्हा आलो.