प्रतिसाद: सिसिली आणि सार्डिनिया एकाच मापाने मोजू नका

वर ‘इटलीची दोन्ही मोठी बेटं सारखीच’ असं लिहिलंय, ते फक्त क्षेत्रफळापुरतं खरं आहे. सिसिली साधारण २५,७०० चौ. किमी, सार्डिनिया २४,०००. म्हणजे प्रत्येक बेट आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या (१३,४१५) जवळजवळ दुप्पट. पण सिसिलीत माणसं ४८ लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या जिल्ह्याएवढी, आणि सार्डिनियात जेमतेम १६ लाख. एटना ज्वालामुखीच्या राखेची सुपीक जमीन आणि लिंबू-संत्र्याच्या बागा सिसिलीकडे. सार्डिनिया खडकाळ, आणि किनाऱ्यालगतच्या सखल भागात १९५० पर्यंत मलेरिया.

सार्डिनियात मेंढ्या माणसांच्या जवळपास दुप्पट. अथणी-रायबागकडे धनगर मेंढ्या पाळतात ते मांस, लोकर आणि रानात बसवून मिळणाऱ्या खतासाठी. सार्डिनियात मात्र सगळा खेळ दुधाचा. मेंढीच्या दुधात स्निग्धांश जास्त, त्यामुळे किलोभर चीजला सहाएक लिटर पुरतं, गाईचं दहाएक लागतं. ‘पेकोरिनो रोमानो’ हे मेंढीच्या दुधाचं चीज नावाने रोमचं, पण बहुतेक सगळं बनतं सार्डिनियात. निदान पाच महिने मुरवतात.

गोची इथेच आहे. एकाच चीजवर भिस्त, त्यामुळे त्याचा भाव पडला की दुधाचाही पडतो. २०१९ च्या फेब्रुवारीत लिटरला ६० युरो सेंटच्या आसपास दर आला तेव्हा मेंढपाळांनी दूध रस्त्यावर ओतलं. चिकोडी पट्ट्यातल्या ऊसवाल्यांना हे वेगळं समजावायला नको.