एकच नग हवाय, किती घ्याल? : छोट्या इलेक्ट्रॉनिक कामांचे दर आणि व्यवहार

धागाकर्ता (चर्चा सुरू करणारा)

अंबड, सातपूर, सिन्नरच्या कारखान्यांमुळे आणि आजूबाजूच्या बागायतीमुळे नाशकात एक-दोन नगांची इलेक्ट्रॉनिक कामं कायम निघतात. जुन्या मशीनचं टायमर कार्ड असतं, बागेतला व्हॉल्व्ह कंट्रोलर असतो, नाहीतर दुकानातला टोकन डिस्प्ले. तयार मिळत नाही म्हणून करून घ्यायचं. करणारे बहुतेक एकटेच, घरातल्या टेबलावर काम करणारे. दर ठरवताना मात्र दोघंही चाचपडतात. "अंदाजे सांगा हो" म्हटलं की करणारा संकोचाने कमी आकडा सांगतो आणि तिथूनच बिनसतं.

माझं ठाम मत आहे की आकडा काम सुरू व्हायच्या आधी, लेखी आणि सुटा करून सांगावा. तुम्ही काय करता ते लिहा. करणाऱ्यांनी लिहा, करून घेणाऱ्यांनी तर जरूर लिहा. आकडे द्या, माणसांची आणि कंपन्यांची नावं नकोत.

सुरुवात मी करतो. एका पॅकिंग मशीनला काउंटर हवा होता: प्रॉक्झिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आली की ओळखणारा), चोवीस व्होल्ट, डिस्प्ले, ठरलेल्या आकड्याला चालू होणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. पार्ट अठराशेचे, माझं कोटेशन साडेअकरा हजारांचं. मालक म्हणाले, "पार्ट तर दोन हजारांचेही नाहीत." मी कोटेशनचे चार तुकडे पुढे ठेवले: डिझाइन आणि प्रोग्राम, पार्ट, जोडणी, जागेवर येऊन चालू करून देणं. शिंप्याला आपण कापड देतो आणि शिलाई वेगळी मोजतो, तसंच हे, एवढंच बोललो. त्यांनी होकार दिला. आता जागेवरचं काम म्हणजे काय ते सांगतो. घरी काउंटर बिनचूक चालत होता. मशीनवर मोठा कॉन्टॅक्टर (रिलेचाच मोठा भाऊ) सुटला की आकडा शून्यावर यायचा. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर शंभर ओहम आणि पॉइंट वन मायक्रोफॅरडचा स्नबर (विजेचा झटका शोषणारी जोडी) टाकला, सेन्सरची वायर पॉवरच्या वायरींपासून लांबून फिरवली, तेव्हा थांबलं. पार्टचा खर्च किरकोळ, दुपार मात्र सगळी गेली. ती दुपार कोटेशनमध्ये आधीच धरलेली नसती तर घासाघीस तिथे मशीनपाशी झाली असती.

पॅनेलवाला, सातपूर

आमच्याकडे नवीन काम कमी, बिघडलेली कार्ड जास्त. बाहेरच्या देशातलं जुनं मशीन, कंपनी बंद पडलेली, सर्किट डायग्राम नाही आणि आयसीवरचा, म्हणजे चिपवरचा, नंबर मुद्दाम खरवडलेला. बरेचदा शेवटी सापडतो तो फुगलेला कपॅसिटर, दहा-पंधरा रुपयांचा. गिऱ्हाईक तो बघतं आणि म्हणतं, "एवढ्यासाठी अडीच हजार?" म्हणून आम्ही चेकिंग चार्ज वेगळा लावतो. पाचशे रुपये, कार्ड हातात घेतानाच. दुरुस्त झालं तर बिलात वळते करतो, नाही झालं तर परत नाहीत. पाटीवरच लिहून ठेवलंय. तेव्हापासून कार्ड टाकून महिनोन्‌महिने न येणारे कमी झाले. आणि काढलेला पार्ट आम्ही पिशवीत घालून परत देतो, त्याने विश्वास बसतो.

बागायतदार, निफाड तालुका

मी करून घेणाऱ्यांपैकी. थ्री फेज लाईट आठवड्याच्या पाळीने रात्रीची येते, तेव्हा ड्रिपचे व्हॉल्व्ह प्लॉटवार आपोआप बदलावेत आणि मोटार चालू आहे की बंद ते मोबाईलवरून कळावं, असं हवं होतं. दोघांना विचारलं. एकाने फोनवरच "साडेचारमध्ये बसवून देतो" सांगितलं. दुसरा मुलगा बागेत आला, व्हॉल्व्ह किती, ते उघडणारे सोलेनॉइड किती व्होल्टचे, पेटी उन्हात राहणार की खोलीत, रेंज कोणत्या कंपनीची, सगळं विचारून नऊ हजार म्हणाला. मी त्याला सरळ विचारलं, दुप्पट का? त्याने कागदावर लिहून दिलं. स्वस्तात जे मोबाईल मॉड्यूल टाकतात ते टू-जीवर चालतं, जिओला टू-जी नाहीच, म्हणजे आमच्या वस्तीवर ज्याची रेंज आहे तेच सिम चालणार नाही. फोर-जीचं मॉड्यूल महाग. शिवाय केबल आत येते तिथे रबरी ग्लँड (भोक बंद करणारं बूच) आणि बोर्डावर लॅकरचा संरक्षक थर.

ग्लँडचं महत्त्व शेजारच्या पेटीत बघायला मिळालं. झाकण उघडलं तर रिलेच्या दोन टर्मिनलांवर आडवी पडलेली पाल, काळी ठिक्कर, आणि भोवतीचा बोर्ड जळालेला. वायरीच्या उघड्या भोकातून शिरली होती. छाटणीनंतरच्या दिवसांत पाणी चुकलं तर काय होतं ते बागवाल्याला सांगायला नको. करणाऱ्यांना माझी एकच विनंती: नुसता आकडा सांगू नका, त्यात काय काय आहे ते सांगा. आम्हाला पार्टातलं कळत नाही, पण पाल कळते.

सोल्डरिंग, गंगापूर रोड

मी घरी बोर्ड जोडून देते, डिझाइन करत नाही. पन्नास नगांपर्यंतची कामं, मोठ्या असेंब्लीवाल्यांना नको असलेली. दर पॉइंटमागे, म्हणजे सोल्डरच्या प्रत्येक जोडामागे लावते, बारीक पायांच्या आयसीला वेगळा. जास्तीत जास्त भांडण होतं ते पार्ट कमी पडल्यावर. शंभर रेझिस्टर लागणार तर बरोबर शंभर मोजून आणतात. चिमट्यातून उडालेला शून्य-सहा-शून्य-तीन या बारीक मापाचा रेझिस्टर फरशीवर सापडत नसतो! आता आधीच सांगते, बारीक पार्ट दहा टक्के जास्त द्या. "ताई, घरचंच काम आहे ना, थोडं कमी करा" हे वाक्य पुरुष जोडणाऱ्याला कुणी म्हणत असेल असं मला वाटत नाही. दर तोच राहतो.

मंडळाचा कार्यकर्ता, पंचवटी

गणपतीच्या सजावटीचे रंग बदलणारे एलईडी आम्ही एका दादाकडून करून घेतो. पहिल्या वर्षी आमच्यातलेच काहीजण म्हणाले, देवाचं काम आहे, पार्टाच्या भावात करून द्या. दादाने शांतपणे हिशेब मांडला. एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की साठ मिलिअँपिअर घेतो, तीनशेचे झाले अठरा अँपिअर, तेही पाच व्होल्टला. कंट्रोलर पाचशेचाच, पैसे जातात पॉवर सप्लाय आणि जाड वायरींत. एका टोकाने सप्लाय दिला तर दुसऱ्या टोकाचा पांढरा पिवळट-तांबूस दिसतो, म्हणून मधेमधे जोड द्यावे लागतात. तो म्हणाला, "वर्गणी म्हणून माझे एक हजार लिहा, पण बिल पूर्ण द्या." आम्हाला हे फार पटलं. वर्गणीची पावती वेगळी, कामाचं बिल वेगळं. आता ऑर्डर श्रावण लागायच्या आधी देतो, निम्मे पैसे आगाऊ.

पर्चेस विभाग, सिन्नर एमआयडीसी

कंपनीच्या बाजूने थोडं. छोट्या करणाऱ्यांनी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या, मोफत आहे. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तर अशी मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकराच्या हिशेबात खर्चात धरता येत नाही, म्हणून आमचं अकाउंट्स स्वतःच मागे लागतं. बिलावर उद्यम क्रमांक लिहा. पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) हातात आल्याशिवाय काम सुरू करू नका, फोनवरचा "करून टाका" आमच्या सिस्टिममध्ये कुठेच दिसत नाही.

आणि एक खटकणारी गोष्ट. एकाचं कोटेशन दुसऱ्याला दाखवून भाव पाडणारे खरेदीदार मी पाहिलेत. ज्याने जागेवर येऊन, विचार करून लिहिलं त्याच्याच कागदावर दुसरा हजार रुपये कमी करतो. हे मी करत नाही आणि माझ्या हाताखालच्यांना करू देत नाही. काम द्यायचं नसेल तर तसं दोन ओळींत कळवावं, वाट बघत ठेवू नये.

वाचक, नाशिकरोड

सर्वांचे अनुभव उपयोगी. एक विचारायचंय: काम झाल्यावर गिऱ्हाईक सोर्स कोड (लिहिलेला मूळ प्रोग्राम) मागतं तेव्हा काय करता? पैसे दिले म्हणजे कोड आमचाच, असं ऐकवतात.

धागाकर्ता

स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेला प्रोग्राम कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे लिहिणाऱ्याचा असतो, लेखी हस्तांतर केल्याशिवाय मालकी जात नाही. पगारी नोकरीत लिहिलेल्याची गोष्ट वेगळी. मी कोटेशनमध्येच दोन आकडे देतो: चिपमध्ये भरलेला प्रोग्राम एका दराने, कोड आणि गर्बर फाइल्ससकट (बोर्ड बनवून घ्यायच्या आराखड्यासकट) दुसऱ्या. साडेअकराचं काम फाइल्ससकट अठराला जातं. बहुतेक लोक पहिलाच घेतात. पण मी उद्या नाशिक सोडलं तर मशीन कोण बघणार, ही मालकाची काळजी रास्त आहे, म्हणून सर्किट डायग्राम आणि पार्टांची यादी मी दोन्ही दरांत देतो. छापून, पॅनेलच्या दाराला आतून चिकटवून.